रोध आणि शक्ती: तेच दोन आकडे, दोन वेगळी उत्तरे

नेरूळच्या आमच्या इमारतीत गेल्या हिवाळ्यात शेजारच्या काकांनी नवा गिझर बसवला, तेव्हा त्यांनी विचारले, “हा दोन हजार वॅटचा आहे, म्हणजे याच्या कॉइलचा रोध हजार वॅटच्या इस्त्रीपेक्षा जास्त असणार ना?” प्रत्यक्षात तो निम्मा असतो. २३० व्होल्टला गिझरचा रोध सुमारे २६.५ ओहम येतो आणि इस्त्रीचा ५३. ही गल्लत होते, कारण रोध आणि शक्ती (म्हणजे वॅट) या दोन्ही राशी व्होल्टेज आणि विद्युतधारा या दोनच आकड्यांवरून काढतात: व्होल्टेजला धारेने भागले की रोध मिळतो, गुणले की शक्ती मिळते.

काकांच्या परवानगीने मी सकाळी माप घेतले. क्लॅम्प मीटरच्या, म्हणजे तारेभोवती पकडून धारा मोजणाऱ्या मीटरच्या, जबड्यात फक्त फेजची तार धरावी लागते. पूर्ण केबल धरली तर जाणाऱ्या आणि परतणाऱ्या धारेची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवतो. व्होल्टेज २१८ होते आणि धारा ८.२ अँपिअर. भागाकार २६.६ ओहम आला, गुणाकार १,७८८ वॅट. रात्री व्होल्टेज २०५ पर्यंत उतरले, तेव्हा धारा ७.७ झाली, रोध पुन्हा २६.६ ओहमच निघाला, मात्र शक्ती १,५८० वॅटच्या आसपास आली. व्होल्टेज सहा टक्क्यांनी घटले आणि शक्ती बारा टक्क्यांनी, कारण रोध तोच असेल तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. रोध हा कॉइलचा गुणधर्म आहे, तर शक्ती त्या क्षणी मिळणाऱ्या व्होल्टेजवरही अवलंबून असते. म्हणूनच गिझरवर छापलेले २,००० वॅट हे २३० व्होल्टसाठीचे असतात.

मग ‘रोध जास्त तर उष्णता जास्त’ हे शाळेत शिकलेले वाक्य चूक आहे का? नाही, पण ते धारा तीच असताना लागू पडते. घरातली उपकरणे समांतर जोडलेली असल्यामुळे प्रत्येकाला व्होल्टेज सारखे मिळते, आणि तिथे कमी रोधाचे उपकरण जास्त तापते. सैल झालेल्या प्लगचे तसे नसते, कारण तो गिझरच्या एकसरीत असतो आणि गिझरची सगळी धारा त्यातूनच जाते. पिनेच्या टोकाशी अवघा अर्धा ओहम रोध तयार झाला, तरी ८.२ चा वर्ग गुणिले ०.५, म्हणजे सुमारे ३४ वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत साठते. पिन काळी पडते ती यामुळेच, आणि असा प्लग दिसला की तो लगेच बदलावा, असे मी आग्रहाने सांगतो.

हा हिशेब गिझर, इस्त्री, शेगडी यांच्या कॉइलपुरता सरळ चालतो. पंखा, फ्रिज यांच्या मोटारीत प्रत्यावर्ती (एसी) व्होल्टेज आणि धारा एका तालात नसतात, म्हणून भागाकारातून निव्वळ रोध मिळत नाही आणि गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा जास्त येतो. तिथे वॅटमीटरच लावावा. कॉइलचा रोध थेट मल्टीमीटरने मोजायचा असेल, तर मात्र आधी प्लग काढून ठेवावा.