जुन्या गाडीची एचएसआरपी: नोंदणी, कागदपत्रं आणि पुढे-मागे लावण्याचे नियम

१ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, डीलरकडूनच बसून येते. त्याआधीची दुचाकी, रिक्षा, कार, ट्रक किंवा ट्रॅक्टर असेल तर ती मालकाने बसवून घ्यायची. मूळ मुदत ३१ मार्च २०२५ होती, पुढे ती वाढत गेली. पण मुदतवाढीच्या भरवशावर राहू नका. प्लेट नसेल तर मालकी हस्तांतरण, पत्ता बदल, बँकेचा बोजा चढवणे-उतरवणे ही आरटीओतली कामं अडतात, आणि हे बहुतेकांना गिऱ्हाईक दारात आल्यावरच कळतं.

नोंदणी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच सुरू करा. गुगलवर शोधलं की हुबेहूब दिसणारी बनावट पानं वर येतात, तिथे भरलेले पैसे गेलेच समजा. आधी आरटीओ कार्यालय निवडायचं, खान्देशात ती अशी: एमएच १९ जळगाव, १८ धुळे, ३९ नंदुरबार. गाडी पुण्याच्या नंबरची असली आणि वापर भुसावळला असला, तरी जळगाव निवडून इथेच प्लेट बसवता येते. मग गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबरची शेवटची पाच-पाच अक्षरं, मोबाइल नंबर भरा. केंद्र, तारीख, वेळ निवडा आणि पैसे ऑनलाइन भरा.

दर दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, बाकी गाड्यांना ७४५. १८ टक्के जीएसटी धरून अनुक्रमे ५३१, ५९० आणि ८७९ रुपये १० पैसे. दोन्ही प्लेटा, लॉक आणि बसवणूक यातच येते. केंद्रावर फिटिंगचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका, तक्रार करा.

जाताना पावती, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) आणि ओळखपत्र जवळ ठेवा. प्लेट चोरीला गेली किंवा हरवली असेल, तर पोलिसांकडच्या तक्रारीची प्रतही लागते.

गाडं अडतं ते बहुतेक 'माहिती जुळत नाही' या संदेशावर. हाताने लिहिलेल्या जुन्या आरसी पुस्तकातून संगणकावर नोंद चढवताना एखादं अक्षर चुकलेलं असतं, किंवा नोंद चढलेलीच नसते. अशा वेळी पुन्हा पुन्हा फॉर्म भरून उपयोग नाही. आरसी घेऊन आरटीओत जा, आधी नोंद दुरुस्त करून घ्या.

प्लेट बसली की तिथेच उभं राहून तपासा. वरच्या डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात आयएनडी, खाली लेझरने कोरलेला क्रमांक. अक्षरांवरच्या काळ्या पट्टीत तिरपं 'इंडिया' दिसायला हवं. पुढच्या-मागच्या प्लेटचा लेझर क्रमांक वेगवेगळा असतो, तो आपल्याच गाडीच्या नावावर ऑनलाइन चढला का, हे नंतर पाहा. प्लेट लागलेली पण नोंद नाही, तर आरटीओच्या लेखी प्लेट नाहीच. लॉक एकदाच वापरायचा असतो, काढायला गेलात की तुटतो. कारच्या पुढच्या काचेवर आतून लावायचा स्टिकर, म्हणजे तिसरी नंबर प्लेट, हाही मागून घ्या.

रंग: खासगीला पांढऱ्यावर काळी अक्षरं, भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळी. इलेक्ट्रिक गाडीची प्लेट हिरवी, अक्षरं खासगीला पांढरी, भाड्याच्याला पिवळी. अक्षरं रोमन आणि अंक इंग्रजीच हवेत. ४१४१ चा 'दादा', ८०५५ चा 'बॉस' किंवा कडेला 'भाऊ' लिहिणं नियमात बसत नाही. खान्देशात हे सांगायलाच लागतं. मागच्या प्लेटवर पांढरा दिवा हवा, १५ मीटरवरून नंबर वाचता आला पाहिजे. प्लेटवर प्लास्टिकची फ्रेम बसवली की कडेची अक्षरं आणि लेझर क्रमांक झाकले जातात, म्हणून ती नकोच.

ट्रॅक्टरवाल्यांची गोष्ट जरा वेगळी. रावेर-यावलकडे केळी भरलेली किंवा कापसाची ट्रॉली जोडली की ट्रॅक्टरची मागची प्लेट दिसतच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ६१ त्यासाठीच आहे: ट्रॉलीचा स्वतःचा नोंदणी क्रमांक तिच्या बाजूला, आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांक ट्रॉलीच्या मागे. दोन ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर. ट्रॅक्टर बदलला की मागचा क्रमांकही बदलायचा, भाड्याने ट्रॉली देणाऱ्यांकडून नेमकं हेच राहून जातं.