'मिनिमलिस्ट' रनिंग शूज: नाव आधी पडलं, व्याख्या नंतर आली

मिनिमलिस्ट शूजचा (म्हणजे पातळ, हलके, जवळपास अनवाणी धावल्यासारखे वाटणारे) विषय निघाला की कोणीतरी रोम ऑलिम्पिक काढतंच. 1960 ची मॅरेथॉन, इथियोपियाचा पठ्ठ्या अनवाणी धावला आणि 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदात गोल्ड घेऊन गेला, वर वर्ल्ड रेकॉर्ड. सगळं खरं आहे. पण तोच माणूस 1964 ला टोकियोत बूट-मोजे घालून धावला, आधीपेक्षा तीन मिनिटं कमी घेतली आणि परत वर्ल्ड रेकॉर्ड केला, हे मात्र कोणी सांगत नाही. अनवाणीवाल्यांची ही जुनी खोड, अर्धीच गोष्ट सांगायची. (मी त्याच पार्टीतला आहे, म्हणून हक्कानं बोलतोय.)

तसंही त्या काळी धावायचे सगळेच शूज आजच्या हिशोबानं मिनिमलिस्ट होते. पातळ रबर, वर कापड किंवा चामडं, संपलं. टाचेखाली फोमची उशी आली ती 1970 च्या दशकात, जॉगिंगची लाट आली आणि ऑफिसात बसणारी माणसं रस्त्यावर धावायला लागली तेव्हा. मग पाय आत कलतो म्हणून आतल्या बाजूला कडक फोम, टाच हलू नये म्हणून मागे प्लास्टिकचा कप, असं एकावर एक चढत गेलं. टाच चवड्यापेक्षा 10-12 मिमी वर असणं हे इतकं नॉर्मल झालं की त्या फरकाला काही नावही नव्हतं. 'ड्रॉप' हा शब्द दुकानात ऐकू यायला लागला तो पुढे बऱ्याच वर्षांनी, तो कमी करून विकायची वेळ आली तेव्हा.

खरी गंमत 2004 नंतरची. एका अमेरिकन युनिव्हर्सिटीची पोरं गवतावर अनवाणी ट्रेनिंग करतात हे बघून एका मोठ्या कंपनीनं त्या वर्षी खोल चिरा पाडलेल्या सोलचा शू आणला. वाकायचा मस्त, पण टाचेखाली फोम होताच. मग एका इटालियन सोलवाल्या कंपनीचे पाच बोटांचे शूज आले, जे सुरुवातीला बोटीच्या डेकवर पाय घसरू नये म्हणून होते आणि धावणाऱ्यांनी उचलले. 2009 ला मेक्सिकोच्या दऱ्याखोऱ्यात टायरच्या चपला घालून धावणाऱ्या जमातीवरचं पुस्तक तुफान खपलं. आणि जानेवारी 2010 ला एका नामांकित सायन्स जर्नलमध्ये पेपर आला, की लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुतेक वेळा चवड्यावर किंवा सपाट पाय टाकतात आणि त्यामुळे टाच आपटल्याचा तो पहिला झटका त्यांच्यात जवळपास दिसतच नाही. त्या पेपरात इंजुरी कमी होतात असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. ते वाक्य लोकांनी आणि जाहिरातींनी आपापलं जोडून घेतलं. 2013 ला उत्तर केनियातल्या अनवाणी राहणाऱ्या लोकांवर दुसरा स्टडी आला, त्यात आरामाच्या स्पीडला 72 टक्के वेळा टाचच आधी पडत होती, पण तोवर ते ऐकायला कोणी थांबलेलं नव्हतं.

आता मुख्य घोळ. या सगळ्या वर्षांत 'मिनिमलिस्ट' म्हणजे नक्की काय हे कोणीच ठरवलेलं नव्हतं. कोणी वजन कमी केलं की लावलं लेबल, कोणी सोल पातळ केला की लावलं, कोणी ड्रॉप 12 चा 4 केला की लावलं. त्यातल्या त्यात ड्रॉप हा एक आकडा होता, बॉक्सवर छापता येणारा, म्हणून लोकांनी तोच पकडला. कमी ड्रॉप म्हणजे मिनिमलिस्ट, झिरो ड्रॉप म्हणजे तर एकदम अनवाणीच, असं समीकरण डोक्यात बसलं ते अजून निघालेलं नाही. हे चुकीचं कसं ते बघा. त्याच 2009 मध्ये आल्प्सच्या बाजूला एक कंपनी सुरू झाली जिचे शूज पावाच्या लादीसारखे जाड होते, आणि त्यांचा ड्रॉप होता 4-5 मिमी. नुसत्या ड्रॉपवर गेलं तर तोही मिनिमलिस्ट! ड्रॉप म्हणजे फक्त टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, पाय जमिनीपासून एकूण किती वर आहे (त्याला स्टॅक म्हणतात) याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

व्याख्या आली 2015 मध्ये. 11 देशांतल्या 42 जाणकारांनी फेऱ्यांवर फेऱ्या करून एक वाक्य ठरवलं, ज्याचा मथितार्थ असा की पायाच्या नैसर्गिक हालचालीत कमीत कमी लुडबुड करणारा शू. आणि त्याला पाच गोष्टींचे सारखे मार्क: वजन, स्टॅक, ड्रॉप, लवचिकता आणि पाय सरळ ठेवायला बसवलेली टेक्नॉलॉजी (जितकी कमी तितके मार्क जास्त). वजन 125 ग्रॅमच्या आत, स्टॅक 8 मिमीच्या आत, ड्रॉप 1 मिमीच्या आत असेल तर त्या-त्या खान्यात पैकीच्या पैकी. म्हणजे 32 मिमी जाडीचा झिरो ड्रॉप शू घेतला तर ड्रॉपला पूर्ण मार्क आणि स्टॅकला भोपळा. इतकी साधी गोष्ट, पण बैल गेला नि झोपा केला, कारण तोवर लाट ओसरली होती.

ओसरली कशी, तर 2013 ला आणखी एक स्टडी आला. 36 धावणारे, 10 आठवडे, त्यातल्या 19 जणांना पाच बोटांचे शूज दिले. सांगितलं पण हळूच जा म्हणून, पहिल्या आठवड्यात एक छोटा रन, मग तिसऱ्या आठवड्यापर्यंत आठवड्याला एक-एक वाढवा. शेवटी एमआरआय काढले तर 19 पैकी 10 जणांच्या पायाच्या हाडांच्या आत सूज वाढलेली. तीन आठवड्यांत बदल उरकायचा हा सल्लाच घाईचा होता असं माझं मत, शू बिचारा मध्ये अडकला. मी स्वतः पहिल्याच दिवशी 5 किमी मारून आलो होतो आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की जिना उलटा उतरावा लागला, कठडा धरून. टाच खाली आली की काम गुडघ्याकडून पोटरी आणि टाचेमागच्या शिरेकडे सरकतं, आणि ती शीर स्नायूंपेक्षा फार सावकाश तयार होते, तिला महिने लागतात.

2014 ची कोर्ट केस पण याच काळातली. त्या पाच बोटांवाल्या कंपनीनं 37.5 लाख डॉलरवर सेटलमेंट केली. लोक सांगतात की शूजनी पाय मोडतात हे कोर्टात सिद्ध झालं. तसं काही झालं नाही. केस जाहिरातीतल्या दाव्यांची होती (स्नायू मजबूत होतात, इंजुरी कमी होतात वगैरे), कंपनीनं चूक कबूल केली नाही, फक्त पुराव्याशिवाय असे दावे करणार नाही असं मान्य केलं.

त्यानंतर काटा पार दुसरीकडे गेला. 2017 पासून कार्बन प्लेटवाले (सोलच्या आत कार्बनची कडक पट्टी घातलेले) जाड शूज, आणि जाडी इतकी वाढली की 2020 मध्ये रोड रेससाठी 40 मिमीची मर्यादा घालावी लागली. पातळ शूजवाले तोवर धावण्यापेक्षा रोजच्या चालण्याकडे वळले आणि नाव बदलून 'बेअरफूट शूज' झाले, म्हणजे अनवाणी बूट, आता यावर काय बोलायचं. भर आता पुढच्या रुंदीवर आहे, बोटं पसरायला जागा पाहिजे यावर, जी त्या पाच मार्कांत कुठेच नव्हती. त्यामुळे हल्ली शू बघताना लोक इनसोल (शूच्या आतली सुटी गादी) बाहेर काढून त्यावर उभे राहतात, करंगळी कडेबाहेर लोंबतेय का बघतात, मग शू ओल्या फडक्यासारखा पिळून बघतात. बॉक्सवर ठळक छापलेला असतो तो अजूनही ड्रॉपच, स्टॅक शोधावा लागतो.