वरचा मजला नसलेला खेळ

कोकणातल्या घरात जुना संगणक बहुधा मुंबईहून येतो. तिकडे नवा घेतला की चाकरमानी जुना डबा गणपतीला नाहीतर मे महिन्यात गावी आणतो. तो माजघराच्या कोपऱ्यात मांडला जातो आणि यावर काय काय चालतं याचा शोध पोरं लावू लागतात. अलीकडचे खेळ त्यावर उघडतसुद्धा नाहीत. ‘डूम’ उघडतो. नुसता उघडत नाही, सुसाट पळतो.

१० डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने तो काढला. ‘डूम टू’ १९९४ मध्ये आला, ‘डूम थ्री’ २००४ मध्ये, मग २०१६, २०२० आणि २०२५ मध्येही नवे भाग आले. तरी या मालिकेचे चाहते फिरून फिरून पहिल्या दोन भागांकडे येतात आणि त्यांच्यासाठी आजही नवे नकाशे, म्हणजे खेळातले नवे टप्पे, रचतात. गोष्ट तर अगदी साधी आहे. मंगळाच्या चंद्रांवर अडकलेला एकटा सैनिक, समोर राक्षस, हातात बंदूक, आणि प्रत्येक टप्प्यावर बाहेर पडायची वाट शोधायची. स्क्रीन म्हणजेच सैनिकाचे डोळे. चित्रं आजच्या नजरेला जाडीभरडी वाटतात. तरीही लोक त्यावर एवढं प्रेम करतात, याचं कारण मला त्याच्या रचनेत सापडतं. बनवणाऱ्यांनी या खेळातून काय काय वगळलं ते पाहिलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

आधी त्या काळचं यंत्र डोळ्यांपुढे आणू. ३८६ किंवा ४८६ प्रोसेसर, ४ मेगाबाइट मेमरी, त्रिमिती चित्रांसाठी वेगळं कार्ड नाही. स्क्रीनवर आडवे ३२० आणि उभे २०० असे ६४,००० ठिपके. डूमचं घड्याळ सेकंदाला ३५ ठोके देतं. प्रत्येक ठोक्याला नवं चित्र द्यायचं तर सेकंदाला बावीस लाखांहून जास्त ठिपके रंगवावे लागतात, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायला हिशोब लागतो. त्या वेळच्या पुष्कळशा प्रोसेसरांत दशांश अपूर्णांकांचं गणित करणारा भागच नव्हता. म्हणून डूममध्ये सगळं पूर्णांकांवर भागवलेलं आहे: ३२ बिटांच्या आकड्यातले १६ बिट पूर्ण भागासाठी, उरलेले १६ अपूर्णांकासाठी. कोनांसाठी वर्तुळाचे ८,१९२ भाग करून त्यांच्या साइनचे तक्ते आधीच भरून ठेवले आहेत. खेळ चालू असताना ते नुसते वाचायचे.

पण खरी अडचण आकडेमोडीत नव्हती, ती दिसण्या-न दिसण्यात होती. नकाशात शेकडो भिंती असतात. त्यातल्या कुठल्या आत्ता दिसतात, कुठली कुठल्यामागे लपली आहे, हे प्रत्येक ठोक्याला ठरवायचं. प्रत्येक भिंत दुसऱ्या प्रत्येक भिंतीशी ताडून पाहत बसलं तर ते यंत्र कोलमडलं असतं. कंपनीचा मुख्य प्रोग्रामर जॉन कार्मॅक याने इथे एक जुना शोधनिबंध कामाला लावला. हेन्री फुक्स, झ्वी केडेम आणि ब्रूस नेलर यांनी १९८० मध्ये मांडलेली ही पद्धत ‘बायनरी स्पेस पार्टिशनिंग’ म्हणून ओळखली जाते. जागेचे दोन भाग करायचे, त्या प्रत्येकाचे पुन्हा दोन, असं करत जायचं.

आपल्याकडच्या वाडीवरून हे छान समजतं. घरांच्या आगरांमधून चिऱ्यांचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंती, गेलेले असतात. एक गडगा धरा आणि त्याची रेघ मनातल्या मनात दोन्ही बाजूंना वाडीच्या टोकापर्यंत सरळ ताणा. वाडीचे दोन भाग झाले. तुम्ही त्या रेघेच्या अलीकडे उभे असाल, तर पलीकडची कुठलीही वस्तू अलीकडच्या वस्तूला झाकू शकत नाही. तुमच्या डोळ्यापासून निघालेली नजर आधी अलीकडचा भाग ओलांडते, मगच रेघ पार करते, आणि सरळ जाणारी नजर एकदा पलीकडे गेली की परत येत नाही. आता अलीकडच्या भागातला दुसरा गडगा धरा, पुन्हा तोच प्रश्न विचारा: मी कुठल्या बाजूला? असं करत गेलं की शेवटी इतका छोटा तुकडा उरतो की त्यात कुठेही उभं राहिलं तरी त्या तुकड्यातली कुठलीच भिंत दुसरीला झाकत नाही. शेकडो गडग्यांची वाडी असली तरी जवळ काय आणि लांब काय याचा क्रम नुसत्या ‘या बाजूला की त्या बाजूला’ एवढ्या प्रश्नावर लागतो.

या तुकड्यांचं झाड नकाशा बनवतानाच तयार केलं जातं. खेळताना डूम फक्त त्या झाडावरून फिरतो, सगळ्यांत जवळची भिंत आधी काढतो, मग तिच्यामागची. स्क्रीनचा जो उभा पट्टा भिंतीने पूर्ण भरला तिकडे तो पुन्हा वळत नाही. सगळे पट्टे भरले की भिंतींचं काम संपलं. मागे अख्खा किल्ला का असेना, त्याच्यावर एक क्षणही खर्च होत नाही.

या वेगाची किंमत मोजावी लागली, आणि मला सगळ्यांत आवडतो तो हाच भाग. झाड आधीच बांधलेलं असल्यामुळे भिंत जागची हलू शकत नाही. म्हणून डूममधलं दार कधी बिजागरीवर उघडत नाही, ते वर छताकडे सरकतं. नकाशा हा कागदावरच्या आराखड्यासारखा सपाट असल्यामुळे एका जागी एकच जमीन आणि एकच छत. जिने आहेत, लिफ्ट आहेत, उंच कट्टे आहेत, पण एका खोलीवर दुसरी खोली नाही. आणि मान वर-खाली करता येत नाही. नजर कायम समोर सरळ असल्यामुळे भिंतीच्या एका उभ्या पट्ट्यातले सगळे बिंदू गणिताला सारख्याच अंतरावर पडतात, म्हणजे अंतरासाठीचा भागाकार ठिपक्यागणिक करायचा नाही, पट्ट्यागणिक एकदाच करायचा. मान वाकवायची मुभा दिली असती तर हा सगळा बेत मोडला असता.

राक्षस उंच कट्ट्यावर असेल तर मग नेम कसा धरायचा? ते काम खेळ स्वतः करतो. तुम्ही फक्त डावी-उजवीकडची दिशा नीट धरायची, उंची गोळी आपोआप पकडते. यंत्राच्या अडचणीतून निघालेली ही तोड माणसाच्या मेंदूला फार मानवली. हाताला एकच दिशा सांभाळायची असल्यामुळे उरलेलं सगळं लक्ष पायांकडे वळतं. डूम हा नेमबाजीचा खेळ म्हणून ओळखला जातो, पण खेळणाऱ्याला विचारा, तो पळण्याचा खेळ आहे. इम्प नावाचा तपकिरी राक्षस आगीचा गोळा फेकतो. त्या गोळ्याचा वेग ठोक्याला १० एकक. धावणारा खेळाडू ठोक्याला १६ एककांहून जास्त अंतर कापतो. म्हणजे तुम्ही गोळ्यापेक्षा वेगवान आहात! काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. समोरून सुटलेली बंदुकीची गोळी त्या वेळात चुकवणं कोणालाच शक्य नाही. पण हा आगीचा गोळा येताना दिसतो, त्याची वाट ओळखता येते, आणि बाजूला व्हायला वेळ उरतो. तीन गोळे तीन दिशांनी येत असले की त्यांच्यामधली फट शोधावी लागते. एकाचा गोळा दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला तर ते दोघे आपसात भिडतात, त्यामुळे कुठे उभं राहायचं हाही डाव होतो.

इथे यंत्राचा वेग शरीराशी जोडला जातो. आपण हात हलवतो तेव्हा मेंदू केवळ हुकूम सोडून थांबत नाही. आता काय जाणवेल, काय दिसेल याचा अंदाजही तो बांधतो आणि प्रत्यक्ष आलेली जाणीव त्याच्याशी ताडून पाहतो. जुळलं, तर ‘हे मी केलं’ अशी खात्री पटते. आपणच आपल्याला गुदगुल्या करू शकत नाही ते याच कारणाने. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी हे यंत्र लावून तपासलं होतं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात माणसाने एक हात हलवायचा आणि दुसऱ्या तळहातावर यंत्राने तसाच स्पर्श करायचा. हालचाल आणि स्पर्श यांच्यात सेकंदाच्या एक, दोन, तीन दशांशांइतका उशीर घातला, तसतशा गुदगुल्या वाढत गेल्या. उशिराने आलेला स्वतःचा स्पर्श मेंदूला परक्याचा वाटू लागला. डूमचा एक ठोका सुमारे २९ मिलिसेकंदांचा, या सगळ्या उशिरांपेक्षा कितीतरी लहान. बटण दाबलं आणि सैनिक वळला यांत मेंदूला फट सापडत नाही. म्हणून तो सैनिक बाहुला वाटत नाही, स्वतःचं शरीर वाटतो. मला वाटतं, लोक ज्याला ‘खेळ हातात बसतो’ म्हणतात ते नेमकं हेच आहे, आणि नंतरच्या कितीतरी देखण्या खेळांत ते हरवलेलं असतं.

याच गुणामुळे काहींना डूम सोसत नाही. मालवणच्या जेट्टीवरून सिंधुदुर्गाकडे जाताना बोट लागते तेव्हा कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव हेलकावे सांगत असतो आणि बोटीत खाली खिळलेली नजर सगळं स्थिर असल्याचं सांगत असते. डूममध्ये नेमकं उलट घडतं: डोळे सांगतात आपण धावतोय, कान सांगतो आपण खुर्चीत बसलोय. दोन्हीकडे साक्षी जुळत नाहीत, आणि मळमळायला लागतं. खोलीत दिवा लावून, स्क्रीनपासून लांब बसून, मधूनमधून उठून खेळलं तर त्रास कमी होतो. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. डूममध्ये रक्त भरपूर आहे, तो लहान मुलांसाठी नाही. घरात दहा वर्षांचं पोर असेल तर हा खेळ त्याच्या हाती देऊ नये.

२००३ मध्ये शॉन ग्रीन आणि डॅफ्ने बॅव्हेलिअर यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की असे वेगवान खेळ खेळणाऱ्यांची नजरेने एकाच वेळी अनेक गोष्टी टिपण्याची क्षमता न खेळणाऱ्यांपेक्षा चांगली असते. त्यावर पुढे बराच वाद झाला. मी त्याला फार महत्त्व देत नाही. नजर सुधारावी म्हणून कोणी डूम खेळत नाही.

त्यापेक्षा मोलाची गोष्ट त्याच्या पोटात आहे. डूममध्ये ‘नशीब’ नावाचं काही नाही. गोळीने किती इजा केली, राक्षस कधी वळला, हे सगळं २५६ आकड्यांच्या एका ठरलेल्या तक्त्यातून क्रमाने उचललं जातं. त्यामुळे तीच बटणं त्याच ठोक्यांना दाबली तर तोच खेळ जसाच्या तसा पुन्हा घडतो. खेळ जपून ठेवायचा असेल तर चित्रफीत लागतच नाही, बटणांची नोंद पुरते: ठोक्याला ४ बाइट, सेकंदाला १४० बाइट. दहा मिनिटांचा अख्खा खेळ ८४ किलोबाइटमध्ये मावतो. फोनच्या तारेवरून रांगत चालणाऱ्या इंटरनेटच्या काळात ही केवढी सोय होती! सगळ्यांत कमी वेळात टप्पा पार करण्याच्या शर्यती यातूनच उभ्या राहिल्या, कारण प्रत्येक विक्रमाचा पुरावा कोणालाही घरबसल्या तपासता येत होता. चार जण जोडून खेळतानाही हीच युक्ती वापरली आहे. एकमेकांकडे फक्त बटणं जातात, बाकीचा हिशोब प्रत्येक संगणक आपापला करतो.

आणि बनवणाऱ्यांनी डूम लोकांच्या हाती सोपवला. पहिल्या डूममधला पहिला खंड, नऊ नकाशांचा, फुकट वाटायची परवानगी होती. आवडला तर पुढचे खंड विकत घ्यायचे. नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलीत ठेवलं होतं, ज्यामुळे कोणालाही स्वतःचे नकाशे जोडता यावेत. डिसेंबर १९९७ मध्ये खेळाचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, खुला झाला, १९९९ मध्ये मुक्त परवान्याखाली आला. आज डूम प्रिंटरच्या इवल्या पडद्यावर आणि ट्रॅक्टरच्या कन्सोलवर चालवून दाखवलेला आहे, तो याच कारणाने. कोड सी भाषेतला, गरजा मोजक्या, आणि यंत्राशी बांधलेला भाग वेगळा काढलेला. माजघरातल्या त्या जुन्या डब्यावर तो पळतो तोही असाच.

कुडाळला, चिपळूणला, रत्नागिरीला संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी हा कोड एकदा तरी उघडावा असं मला मनापासून वाटतं. ‘फ्रीडूम’ नावाचा प्रकल्प खेळ चालवणाऱ्या या कोडसाठी नकाशे आणि चित्रं मोफत देतो, त्यामुळे खेळायला किंवा मोडतोड करायला पैसे लागत नाहीत. झाडावरून फिरणारा, म्हणजे गडग्याच्या कुठल्या बाजूला आहोत असं विचारत जाणारा भाग एका वेगळ्या फाइलीत आहे, अवघ्या काहीशे ओळींचा. सी भाषेचा पहिला अभ्यासक्रम झालेल्या कोणालाही तो चार-पाच संध्याकाळी बसून वाचता येतो. सुरुवात त्यातल्या स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणाऱ्या छोट्या फंक्शनपासून करावी. आधी अलीकडची बाजू, मग गरज असेल तरच पलीकडची, हे तिथे जेमतेम वीसेक ओळींत लिहिलेलं आहे.