साग संकटात, शेकरू निर्धास्त?

कोणत्या प्राणी-वनस्पतीला किती धोका हे सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत सागाला २०२२मध्ये ‘संकटग्रस्त’ ठरवलं गेलं. आपला राज्यप्राणी शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, मात्र ‘कमी काळजी’च्या रकान्यात. नागपूरकराला हे वाचून हसूच येईल. पेंचचा रस्ता धरा, जंगलात सागच साग. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांचे खांबही सागवानी. शेकरू पाहायचं तर मेळघाट गाठायचा आणि मान दुखेस्तोवर वर बघत राहायचं.

घोळ मोजणीत आहे. यादी जमेस धरते ती आपसूक वाढलेली रानातली झाडं. भारत, म्यानमार, थायलंड, लाओस हे सागाचं मूळ घर; आफ्रिकेत नाहीतर मध्य अमेरिकेत लावलेला साग कितीही असो, त्यात येत नाही. इथवर ठीक. पण विदर्भ तर सागाचं माहेर. इथे रान तोडून त्याच मातीत ओळीने लावलेला साग घरचा धरायचा की लावणीचा? कोवळं पान तळहातावर चोळा, दोन्हींचा रंग सारखाच लाल उतरतो.

लागवडीची सुरुवात इंग्रजांनी १८४०च्या दशकात केरळात निलंबूरला केली. मध्य प्रांताची राजधानी म्हणून १८६१पासून जंगलाचा कारभार नागपुरात आला आणि सागाची किंमत रुपयांत मांडली जाऊ लागली. आपल्याकडे खरी उलथापालथ त्याच्या शंभर वर्षांनंतरची. ‘कमी उत्पन्नाचं’ मिश्र जंगल काढून किमती लाकूड लावा, असा सूर १९७२च्या सुमारास दिल्लीतून निघाला. १९७४मध्ये त्यासाठी राज्यात महामंडळही झालं. १९८८च्या वनधोरणाने उत्पन्नाला दुय्यम ठरवलं, पण तोवर सरळ रांगा उभ्या राहिल्या होत्या. त्या ‘कमी उत्पन्ना’च्या रानात मोह, तेंदू, जांभूळही येत होते, हे हिशेबात कुणी धरलं नाही.

शेकरूचा हिशेब अगदी वेगळा. खाली उतरायचा त्याला कंटाळा. शेंड्यांवरून शेंड्यांवर, वेळ पडली तर वीस फुटांची उडी. काटक्या-पानांचं गोल घरटंही उंचावर, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात तिथे. फळं, फुलं, साल असं वर्षभर काहीतरी लागतं. एकाच वयाचा साग उन्हाळ्यात एकदमच निष्पर्ण होतो, तेव्हा त्या रांगांत शेकरूला ना सावली ना खाणं. म्हणून ‘कमी काळजी’ हा शिक्का मला पटत नाही. देशभरची बेरीज त्यात बरोबर असेलही, पण मेळघाटातलं शेकरू रांगांमधून चालत पश्चिम घाटात जाणार नाही.