नस जन्मापासून बारीक आहे की नंतर अरुंद झालीय? रिपोर्टमधल्या दोन शब्दांचा घोळ

मामांना चक्कर येत होती म्हणून एमआरआय काढला आणि रिपोर्ट संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर पडला. त्यात एक ओळ होती, राइट व्हर्टिब्रल आर्टरी हायपोप्लास्टिक, म्हणजे मानेतून मेंदूला जाणाऱ्या उजव्या मागच्या नसेबद्दल काहीतरी. झालं, मामी म्हणे नस ब्लॉक झालीय, अक्कलकोट रोडचा भाऊ म्हणे उद्याच्या उद्या पुण्याला न्या, आणि मामा स्वतः मात्र भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन झोपलेले.

तर हायपोप्लास्टिक म्हणजे ब्लॉक नव्हे, जन्मापासूनच बारीक वाढलेली नस. नंतर अरुंद झालेल्या नसेला शब्द असतो स्टेनोसिस. फोटोत दोन्ही बारीक दिसतात, म्हणून घोळ. आपल्या सोलापुरात पाण्यावरून सगळं लवकर कळतं, तसंच सांगतो. एका घराला कनेक्शनच अर्ध्या इंचाचं दिलेलं, दुसऱ्याचा पाईप चांगला एक इंची पण बोअरच्या पाण्याचा क्षार आत साचून साचून भोक पेन्सिलीएवढं उरलेलं. धार दोन्हीकडं बारीकच, पण पहिल्या घरात काहीच बिघडलेलं नाही आणि दुसऱ्यात अजून बिघडतच चाललंय.

मेंदूला रक्त चार वाटांनी जातं. पुढून दोन कॅरोटिड, मागून दोन व्हर्टिब्रल, आणि या मागच्या दोघी मानेच्या मणक्यांना बाजूला जी भोकं असतात त्यातून वर चढत कवटीत जाऊन एक होतात, ती बेसिलर. उजवी-डावी सारखीच पाहिजे असं काही नाही, पुष्कळ जणांची डावी जाड असते. साधारण ३ ते ५ मिमी जाडी, २ मिमीच्या खाली गेली की बहुतेक ठिकाणी हायपोप्लास्टिक लिहितात.

सीटी मशीनवर काम करणाऱ्या मित्राला विचारलं, ओळखता कसं बे? त्यानं स्क्रीनवर मणक्याचं हाड दाखवलं. जन्मापासून नस बारीक असेल तर हाडातलं भोकही बऱ्याचदा लहानच असतं, कारण दोघं बरोबरच वाढलेले. आणि नस खालपासून वरपर्यंत एकसारखी, गुळगुळीत बारीक. स्टेनोसिसमध्ये भोक नेहमीएवढं, नस पुढंमागं बरी पण मधेच एका जागी आवळलेली, कडा खडबडीत, कधी कॅल्शियमचा पांढरा ठिपका. साध्या एमआर अँजिओत (एमआरआयवर काढलेला नसांचा फोटो) मुळात वाहतं रक्त दिसतं, नसेची भिंत नाही, त्यामुळं प्रवाह मंद असला की नस आहे त्यापेक्षा बारीक वाटते, म्हणून मग सीटी अँजिओ सांगतात. (तिसरा एक प्रकार असतो, मानेला झटका बसून नसेच्या आतलं अस्तर फाटतं, त्यात मान दुखते, पण तो विषयच वेगळा.)

आता जन्मापासूनची आहे ना, मग सोडून द्या, असंही नाही. शहराची उजनी धरणाची लाईन फुटली की टाकळीच्या दुसऱ्या लाईनीचं पाणी फिरवतात, पण जोड असेल तरच ना. मेंदूच्या तळाशी अशीच जोडांची एक रिंग आहे, थॉमस विलिसनं १६६४ च्या ग्रंथात वर्णन केलेली, आणि त्यातली चित्रं काढणाऱ्या ख्रिस्तोफर रेननं पुढं लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल बांधलं. पण पुस्तकासारखी पूर्ण रिंग निम्म्या लोकांतही नसते. कुणाचा जोड दोऱ्यासारखा, कुणाचा नाहीच. एरवी काही कळत नाही, एखादी मोठी नस बंद पडली की कळतं, जोड धड असलेला कमी नुकसानीत सुटतो.

काहींच्या तर वाटाच वेगळ्या. नजरेच्या भागाला रक्त एरवी मागून येतं, पण काहींना ते पुढच्या कॅरोटिडमधून येतं, म्हणजे गळ्यातल्या कॅरोटिडची गुठळी उडून नजरेवर जाऊ शकते. आणि पर्शरॉनची आर्टरी म्हणून एक आहे, क्वचित असते, पण मेंदूच्या मधोमध उजवा-डावा असे जे दोन थॅलॅमस नावाचे भाग असतात, त्या दोन्हींना एकाच देठातून रक्त. ती बंद झाली तर हातपाय चालू असूनही माणूस नुसता झोपाळतो, घरचे म्हणतात शुगर उतरली असेल.

स्टेनोसिसचं कारण बहुतेक वेळा बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू. मेंदूच्या आतल्या नसांचं असं अरुंद होणं गोऱ्या लोकांपेक्षा आपल्या आशियाई लोकांत जास्त दिसतं. त्याला गोळ्या आहेत, जन्मतः बारीक नस जाड करायची गोळी नाही. आणि अचानक तोल गेला, एकाचे दोन दिसले, गिळता येईना, तोंड वाकडं झालं, तर नस कसली का असेना, रिपोर्ट वाचत बसू नका, गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासच मिळतात.

मामांची चक्कर शेवटी कानातली निघाली, डॉक्टरांनी डोकं इकडं-तिकडं वळवून बसवली. पण जाता जाता म्हणाले, तुमची डावी नसच मागचा बहुतेक भार ओढतेय, तिच्यात क्षार साचू देऊ नका, तंबाखू बंद. मामा आता यंत्रमागावर सगळ्यांना सांगत फिरतात, आपली नस लहानपणापासूनच नाजूक. चुन्याची डबी मामीनं कुठं ठेवलीय ते मात्र अजून सापडलेलं नाही.