भारतीय महिला राष्ट्रीय फुटबॉल संघ

आंतरराष्ट्रीय महिला फुटबॉलमध्ये भारताचे प्रतिनिधित्व करणारा संघ. तो अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अखत्यारीत येतो. ‘ब्लू टायग्रेसेस’ हे त्याचे रूढ टोपणनाव. दक्षिण आशियाई (सॅफ) अजिंक्यपद पाच वेळा आणि आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचे (आताचा आशिया चषक) उपविजेतेपद दोन वेळा त्याच्या नावावर आहे. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत तो अजून खेळलेला नाही. या संघाची कारकीर्द समजून घ्यायची तर हारजितीइतकेच न झालेल्या सामन्यांकडेही पाहावे लागते.

आरंभकाळ : भारतीय महिला फुटबॉल महासंघ १९७५ मध्ये स्थापन झाला. पुरुषांच्या महासंघाशी त्याचा संबंध नव्हता. त्याचा कारभार स्वतंत्र होता. १९८० च्या जानेवारीत कालिकतला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरली तेव्हा यजमानांनी चक्क दोन संघ उतरवले. त्यांतला एक अंतिम फेरीत पोचला आणि तैवानकडून ०–२ असा हरला. १९८१ मध्ये हाँगकाँगला भारत तिसरा आला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम सामना झाला; त्यात थायलंडने ३–० अशी मात केली. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार शांती मलिक यांना मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू.

हे यश खरे असले तरी तेव्हा आशियातले मैदान बरेच मोकळे होते. चीन १९८६ मध्ये पहिल्यांदा उतरला आणि पदार्पणातच विजेता ठरला. दोन्ही कोरियांचे संघ तर त्याहून उशिरा आले. नेमका याच काळात भारत स्पर्धेतून गायब झाला. १९८३ नंतर तो थेट १९९५ मध्ये परतला. मधल्या काळात, १९९१ मध्ये, पहिला महिला विश्वचषक होऊनही गेला होता.

दरी : नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिलांचा कारभार अखिल भारतीय महासंघाकडे आला, पण सामने काही वाढले नाहीत. १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडा स्पर्धेत चीनने भारतावर १६ गोल चढवले. भारताचा हा आजवरचा सर्वांत मोठा पराभव. १९९५ ते २००३ या काळातल्या पाचही आशियाई अजिंक्यपद स्पर्धांत भारत गटातच बाद झाला. पुढे तर दीर्घकाळ एकही सामना न खेळल्यामुळे २००९ मध्ये जागतिक क्रमवारीतून संघाचे नावच निघाले.

दक्षिण आशिया : क्रमवारीतून नाव गेलेल्या या संघाने २०१० मध्ये ढाक्यात दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्ण जिंकले. डिसेंबरात कॉक्स बझारच्या पहिल्या सॅफ स्पर्धेत भूतानला १८–० असे लोळवत विजेतेपदही मिळवले. २०१२, २०१४, २०१६ आणि २०१९ मध्येही सॅफ करंडक भारताकडेच राहिला. या पिढीचा कणा मणिपूरचा होता : ओइनम बेमबेम देवी, नांगोम बाला देवी, आशालता देवी. बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडून खेळल्या. गोव्याच्या मेमोल रॉकी आधी खेळाडू होत्या, नंतर याच संघाच्या प्रशिक्षक झाल्या. मात्र एकाच तऱ्हेच्या प्रतिस्पर्ध्यांवर मिळवलेल्या या विजयांनी संघाची खरी पारख होत नव्हती. २०२२ मध्ये काठमांडूत बांगलादेशने ३–० असे हरवले, उपांत्य फेरीत नेपाळने बाहेर काढले आणि मक्तेदारी संपली.

२०२२ चा आशिया चषक : ही स्पर्धा महाराष्ट्रात झाली, सामने नवी मुंबई, मुंबई आणि पुण्याजवळच्या बालेवाडीत. दोनच महिन्यांपूर्वी ब्राझीलमधल्या मानाउसला मनीषा कल्याणने आठव्या मिनिटाला गोल करून यजमानांशी बरोबरी साधली होती. तो सामना ब्राझीलने ६–१ असा जिंकला, तरी त्या गोलाने आशा वाढल्या होत्या. २० जानेवारीला डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी ०–० अशी बरोबरी झाली. २३ तारखेला चिनी तैपेईशी (क्रीडास्पर्धांत तैवान याच नावाने खेळतो) गाठ होती. पण कोरोनाने संघ इतका पोखरला की नियमानुसार लागणाऱ्या १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. सामना रद्द झाला, भारताने माघार घेतल्याचे धरले गेले आणि इराणविरुद्धचा निकालही पुसला गेला. घरच्या मैदानावर खेळलेली स्पर्धा अधिकृत नोंदीत जवळपास कोरी राहिली.

च्यांग माई, २०२५ : २०२६ च्या आशिया चषकासाठी पात्रता फेरी थायलंडमधल्या च्यांग माईला झाली. मंगोलियावर १३–०, तिमोर-लेस्तेवर ४–० आणि इराकवर ५–० असे विजय मिळवून भारत ५ जुलैला शेवटच्या सामन्यात यजमानांसमोर उभा राहिला. दोघांचेही नऊ गुण, दोघांचेही २२ गोल आणि दोघांवरही एकही गोल नाही. थायलंड दोन विश्वचषक खेळलेला संघ. भारताने त्याला तोवर कधी हरवले नव्हते. पूर्वार्धात संगीता बासफोरने लांबून मारलेल्या फटक्याने आघाडी मिळाली. विश्रांतीनंतर लगेच थायलंडने बरोबरी केली. ७४ व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला संगीतानेच डोके लावले आणि २–१ झाले. पात्रता फेरी खेळून आशिया चषकात जागा मिळवण्याची भारताची ही पहिलीच वेळ. क्रिस्पिन छेत्री तेव्हा प्रशिक्षक होते. ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेच्या सोडतीत भारत जपान, व्हिएतनाम आणि चिनी तैपेईच्या गटात आला.