समावेशकता, नागपूरच्या सार्वजनिक कलेतील व संग्रहालयांतील

समावेशकता, नागपूरच्या सार्वजनिक कलेतील व संग्रहालयांतील : शहरातले पुतळे, स्मारके, मिरवणुका आणि संग्रहालयांची दालने यांत कोणत्या समाजांना जागा मिळते, त्यांच्याविषयी कोण बोलते आणि हे सारे पाहायला कोण पोहोचू शकते, या तीन प्रश्नांचा मिळून हा विषय होतो. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली आणि तीत समावेशकतेचा उल्लेख आला. नागपुरात मात्र हा वाद त्याआधी कितीतरी वर्षे रस्त्यावर चालू आहे, आणि बहुतेक वेळा तो सरकारी दालनाबाहेरच्या लोकांनी चालवला आहे.

शहराची सुरुवातच सरमिसळीची आहे. छिंदवाड्याकडच्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास बारा वस्त्या जोडून नागपूर वसवले. तो औरंगजेबाच्या दरबारी जाऊन मुसलमान झालेला, प्रजा गोंड, आणि शेतीसाठी व कारागिरीसाठी बाहेरून आणलेली माणसे नाना जातींची. पुढे भोसले आले, इंग्रज आले. गोंडांची आठवण महालातल्या गोंड किल्ल्याच्या नावापुरती उरली. ती पुन्हा ठळकपणे दिसली ती इंग्रजांच्या संग्रहालयात, पण तिथे राजे म्हणून नव्हे, ‘आदिम जमाती’ म्हणून.

हे संग्रहालय म्हणजे सिव्हिल लाइन्समधले मध्यवर्ती संग्रहालय. ते १८६३ मध्ये स्थापन झाले आणि देशातल्या जुन्या संग्रहालयांत मोडते. त्याला मध्यवर्ती वगैरे कोणी म्हणत नाही. ‘अजब बंगला’ हेच त्याचे चालते नाव. पेंढा भरलेले प्राणी, शिलालेख, शस्त्रे, नाणी आणि आदिवासींची भांडीकुंडी एका छताखाली पाहून गावाकडच्या माणसाला जे वाटले ते त्याने सरळ सांगितले. हे नाव गमतीचे असले तरी त्यात एक मेख आहे. गोंडाच्या घरातली टोपली पाहायला गोंडच आला, तर त्याला ती अजब कशी वाटावी? तिला अजब ठरवणारी नजर दुसऱ्याच कोणाची होती. मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने मध्य प्रांतातल्या जमातींवर केलेली टिपणे त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल याने छापली. ती मोलाची आहेत, यात शंका नाही. पण बोलणारा एक आणि ज्यांच्याविषयी बोलायचे ते दुसरे, ही मांडणी तिथूनच पक्की झाली. बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे १८७० मध्ये तांब्याच्या ४२४ वस्तू व चांदीचे १०२ पत्रे सापडले. त्यांतला काही भाग नागपूरला आला. हा साठा गुरे राखणाऱ्या पोरांच्या हाती लागला होता. गावाचे नाव इतिहासात गेले, पोरांची गेली नाहीत.

गुराख्यांचा विषय निघाला की नागपूरकराला दुसरीच गोष्ट आठवते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, हिवाळी अधिवेशन चालू असताना, पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणाऱ्या गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर आला. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची होती. चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बाया आणि लेकरे फार होती. झिरो माईल परिसरात त्यांचे स्मारक उभे आहे, आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे. या साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी एक नोंद आहे. सरकारी यादीत ‘गोंड गोवारी’ असे दोन शब्द होते. ती एकच जमात की गोवारी वेगळे, यावर सगळे अडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये गोवारींच्या बाजूने निकाल दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये फिरवला. संग्रहालयात वस्तूखाली लावलेली पाटी ही किरकोळ बाब समजली जाते. कागदावरच्या नावाने काय होऊ शकते, हे या स्मारकाजवळ उभे राहिल्यावर कळते. दरवर्षी २३ नोव्हेंबरला समाजाची माणसे गावोगावहून येतात, फुले वाहतात. कलाकृती म्हणून या स्मारकाची चर्चा फारशी होत नाही. तिथे जमणाऱ्यांना त्याचे काही वाटत असेल असेही नाही.

दीक्षाभूमी हे या विषयातले सर्वांत मोठे उदाहरण. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. वास्तुविशारद शिवदानमल यांनी सांचीवरून स्तूपाची कल्पना घेतली, पण एक महत्त्वाचा फरक केला. सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याला प्रदक्षिणाच घालता येते. इथला घुमट पोकळ आहे आणि माणसे आत जाऊन बसतात. ज्यांना देवळाच्या पायरीवर अडवले गेले, त्यांच्या वास्तूत आत जाणे हाच मुख्य विधी व्हावा, हे योगायोगाने घडले असे म्हणवत नाही. स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. धम्मचक्र प्रवर्तन दिनी बाहेरच्या रस्त्यावर पुस्तकांच्या आणि मूर्तींच्या दुकानांची रांग लागते. प्लास्टरचे बुद्ध आणि निळ्या कोटातले बाबासाहेब, डाव्या हातात संविधान, उजव्या हाताचे बोट पुढे. विकणारा बोट सांभाळून वर्तमानपत्रात गुंडाळतो, कारण प्रवासात तेच आधी मोडते. घरोघरी पोहोचलेली ही मूर्तिकला अजून कोणत्या कलादालनाने मनावर घेतलेली नाही.

शहराबाहेर चिचोली येथील शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. कपडे, टंकलेखन यंत्र, रोजच्या हाताळण्यातल्या चिजा. त्या बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू यांच्याकडून आल्या आणि दीक्षा समारंभाच्या आयोजनात पुढे असलेले वामनराव गोडबोले यांनी जपल्या. सरकारने संग्रह करावा आणि समाजाने पाहायला यावे, हा नेहमीचा क्रम इथे उलटला.

मारबत, म्हणजे मिरवत नेऊन शेवटी जाळायचा बाईचा मोठा पुतळा, ही नागपूरची आपली रस्त्यावरची शिल्पकला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोट्टे लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात आणि इतवारी-महालाच्या गल्ल्यांतून काळी व पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, असे सांगतात. पिवळी तऱ्हाणे तेली समाजाची. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद, वर रंग आणि दागिने. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर होतो आणि सोबत महागाई, भ्रष्टाचार यांचे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, नाचवले जातात. कलाशिक्षण न घेतलेल्या कारागिरांनी सव्वाशेहून अधिक वर्षे चालवलेली, तिकीट नसलेली आणि दरसाल नव्याने बांधली जाणारी ही कला आहे. पण तिच्या पोटातही एक अन्याय आहे. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बाकाबाई, अशी लोकसमजूत आहे. दुसऱ्या रघूजी भोसल्याच्या या विधवेने १८१८ नंतर अल्पवयीन तिसऱ्या रघूजीच्या नावाने, इंग्रज रेसिडेंटच्या छायेत, कारभार पाहिला. तिच्यासमोर पर्याय किती होते, हे मिरवणुकीत कोणी विचारत नाही. राज्य बुडवायला हातभार लावणारे पुरुष सरदारही होते. त्यांचा पुतळा काही दरवर्षी जळत नाही. झाशी राणी चौकातली घोड्यावरची राणी सोडली, तर चौकाचौकांतल्या पुतळ्यांत बाई शोधावी लागते.

उड्डाणपुलांच्या आणि सरकारी भिंतींवर अलीकडे चित्रे रंगवण्याची हौस आली आहे. आदिवासी म्हटले की तिथे हमखास वारली माणसे उमटतात. वारली पालघरकडचे. नागपूरच्या चहूबाजूंना गोंड, पलीकडे यवतमाळात कोलाम, गडचिरोलीत माडिया. माडियांच्या मृतांसाठी उभारलेल्या शिळा तर या भागातल्या महापाषाणयुगीन शिलावर्तुळांशी, म्हणजे दफनांभोवती रचलेल्या दगडी कड्यांशी, जोडून दाखवता येतील. गोंडीला मसराम गोंडी ही स्वतःची लिपीही आहे. ती बालाघाटच्या मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केली.

पोहोचण्याचा प्रश्न उरतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ याच्या कलम २९ मध्ये दिव्यांगांसाठी कला सुलभ करण्याची आणि त्यांच्या इतिहासाचे संग्रहालय उभारण्याची तरतूद आहे. उतरता मार्ग आणि ब्रेल पाटी एवढ्यावर हे काम भागवण्याची रीत आहे. न दिसणाऱ्या माणसाला शिल्प हातानेच पाहावे लागते. त्यासाठी प्रतिकृती करून ठेवणे फार खर्चाचे नाही. शिलालेखांचे ठसे घेण्याचे तंत्र तर पुरातत्त्व खात्याच्या हाताखालचेच आहे.